हार्ट फेल्युअर आणि व्यायाम : आता मात्रेचं बोलू या

हार्ट फेल्युअर म्हणजे शरीराला लागेल तेवढं रक्त पुरवायला हृदय कमी पडणं. अशा रुग्णांना व्यायामाने फायदा होतो का, हे तपासणारी सगळ्यात मोठी चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. एचएफ-अ‍ॅक्शन तिचं नाव. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधली ८२ केंद्रं, २,३३१ रुग्ण, सगळ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं तो आकडा) ३५ टक्के किंवा त्याहून कमी. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांच्या जोडीला व्यायाम. सुमारे अडीच वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू झालेले किंवा कुठल्याही कारणाने रुग्णालयात भरती व्हावं लागलेले रुग्ण व्यायामाच्या गटात ६५ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ६८ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. जोखमीच्या ज्या घटकांचा विचार करायचं आधीच ठरलं होतं ते धरून पुन्हा गणित मांडलं, तेव्हा धोका ११ टक्क्यांनी कमी दिसला आणि तो कसोटीला उतरला, पण जेमतेम.

तेव्हापासून या विषयात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, मृत्यू घटत नाहीत, मग व्यायामाचे कार्यक्रम ही हौसेची गोष्ट. परवडत असेल तर करा. दुसरा तट उत्साही. व्यायामाने आयुष्य वाढतं असं तो ठामपणे सांगत राहतो आणि पुरावा मागितला की जुन्या, छोट्या चाचण्यांची बेरीज पुढे करतो. दोघांचीही नजर एकाच आकड्यावर खिळली आहे. व्यायाम हा उपचार आहे हे मार्गदर्शक तत्त्वांनी कधीच मान्य केलंय: युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२१ च्या आणि अमेरिकन संघटनांच्या २०२२ च्या शिफारशींत त्याला सर्वोच्च दर्जा आहे. अडलंय ते पुढचं. हा उपचार किती मात्रेत द्यायचा, कोणी द्यायचा, तो रुग्णाच्या अंगी लागला का हे कोणी बघायचं, आणि त्याचे पैसे कोणी भरायचे, ही कामं कुणीच नीट अंगावर घेतलेली नाहीत. संशोधनाचा पैसा आणि धोरणकर्त्यांचं लक्ष आता तिकडे वळायला हवं.

एचएफ-अ‍ॅक्शनचा निकाल वाचताना बहुतेक जण मधलं पान ओलांडून जातात. व्यायामाच्या गटाला आधी केंद्रात देखरेखीखाली ३६ सत्रं होती, आठवड्याला तीन. सुरुवात १५ ते ३० मिनिटांनी आणि हार्ट रेट रिझर्व्हच्या (बसती नाडी आणि कमाल नाडी यांतल्या फरकाच्या) ६० टक्के तीव्रतेने. सहा सत्रांनंतर ३० ते ३५ मिनिटं आणि ७० टक्के. अठरा सत्रं झाली की घरच्या व्यायामाची सुरुवात, आणि पुढे घरीच आठवड्यातून पाच दिवस ४० मिनिटं. त्यासाठी रुग्णांना सायकल किंवा ट्रेडमिल दिली होती, नाडी मोजणारं यंत्रही दिलं होतं. एवढा बंदोबस्त करूनही चौथ्या ते सहाव्या महिन्यात आठवड्याचा व्यायाम मध्यकाने ९५ मिनिटं भरला, आणि दहाव्या ते बाराव्या महिन्यात ७४ मिनिटं. ठरवलेली मिनिटं पूर्ण करणारे जेमतेम ३० टक्के. दुसऱ्या गटालाही बहुतेक दिवस अर्धा तास मध्यम हालचाल करा असं माहितीपत्रक दिलेलंच होतं, त्यामुळे तोही अगदी स्वस्थ बसलेला नव्हता.

म्हणजे या चाचणीत व्यायाम तपासला गेला असं म्हणणं अर्धवट आहे. तपासला गेला तो व्यायामाचा बेत. ज्या गोळीच्या चाचणीत सत्तर टक्के लोक पूर्ण डोस घेत नाहीत, त्या चाचणीवरून गोळी निकामी असा शेरा कोणी मारला असता तर त्याला कोणीही थांबवलं असतं.

पण इथे लगेच एक पाचर मारायला हवी, कारण उत्साही तट याच वाटेने घसरतो. त्याच चाचणीच्या नंतरच्या विश्लेषणात आठवड्याला ३ ते ७ मेट-तास व्यायाम करणाऱ्यांचा धोका ३० टक्क्यांहून अधिक कमी दिसला. मेट-तास म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. साध्या चालीला ३ मेट धरले तर आठवड्याला एक तासापासून साधारण सव्वादोन तासांपर्यंत चालणं, इतकंच. आकडा मोहात पाडणारा आहे. मात्र जो नियमित चालला तो चालू शकत होता म्हणून चालला, हे विसरून चालत नाही. ज्याचा आजार बळावला त्याचा व्यायाम आपोआप सुटला. इथे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे अशा विश्लेषणातून सुटं करता येत नाही. मात्रा ठरवायला हा आकडा उपयोगी आहे, आयुष्य वाढल्याचा दाखला म्हणून नाही.

जुन्या बेरजांचंही तसंच. २००४ साली नऊ चाचण्यांतल्या ८०१ रुग्णांची माहिती एकत्र करून एक्स्ट्रामॅच या विश्लेषणाने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं. हा आकडा अजून व्याख्यानांत फिरतो. २०१८ मध्ये त्याच नावाने दुसरं विश्लेषण झालं, या वेळी १८ चाचण्या आणि ३,९१२ रुग्ण. मृत्यूतली घट उरली १७ टक्के, आणि तीही योगायोगाने दिसू शकेल इतकी ढिली. २०१९ च्या कॉक्रन आढाव्यात (कॉक्रन ही चाचण्यांचा पुरावा एकत्र तपासणारी संस्था) ४४ चाचण्यांतले ५,७८३ रुग्ण होते. त्यात पहिल्या वर्षातल्या मृत्यूंवर फारसा परिणाम दिसला नाही. रुग्णालयातल्या भरती मात्र स्पष्ट कमी झाल्या आणि जगण्याची प्रत सुधारली. आज हातात आहे ते एवढं. ते थोडं नाही, पण ते जे आहे तेच म्हणून विकावं.

मृत्यूच्या आकड्याचा अट्टहास का सोडावा, याला नुसती सोय हे कारण नाही. हार्ट फेल्युअरमध्ये दम टिकणं आणि जीव टिकणं या दोन गोष्टी बरोबर चालतातच असं नाही. फ्लोसेक्विनन नावाच्या औषधाने रुग्ण जास्त वेळ चालू लागले, पण मृत्यू वाढल्यामुळे १९९३ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. मिलरिनोनच्या गोळ्यांनी १९९१ च्या चाचणीत मृत्यू २८ टक्क्यांनी वाढवले. उलट बीटा ब्लॉकरने, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या औषधांनी, मृत्यू भरघोस कमी केले, पण पीक व्हीओटू, म्हणजे जोराच्या श्रमात शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं तो आकडा, त्याने फारसा हलत नाही. म्हणून नवा उपचार आला की त्याने जीव धोक्यात येत नाही ना, हे आधी बघायलाच हवं. एचएफ-अ‍ॅक्शनने ते बघून दिलं: मृत्यू वाढले नाहीत, आयसीडी (धोकादायक हृदयलय शॉक देऊन थांबवणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असलेल्यांना जास्त शॉक बसले नाहीत. या चाचणीची मोठी कमाई हीच आहे, आणि निकाल उणा आला असं म्हणणारे तिचा उल्लेखही करत नाहीत.

सुरक्षितता सिद्ध झाल्यावर मग लक्षणं आणि कार्यक्षमता यांना वजन द्यायचं की नाही? औषधांना ते दिलं जातं. डिगॉक्सिनने १९९७ च्या ६,८०० रुग्णांच्या चाचणीत मृत्यू कमी केले नाहीत, भरती कमी केल्या. ते अजून वापरात आहे. ताजं उदाहरण सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनचं. लठ्ठपणा आणि इजेक्शन फ्रॅक्शन टिकून असलेलं (म्हणजे हा आकडा न घसरताही झालेलं) हार्ट फेल्युअर, असे दोन्ही असणाऱ्या ५२९ रुग्णांवर त्याची वर्षभर चाचणी झाली. २०२३ साली निकाल आला तेव्हा सहा मिनिटांत चाललेलं अंतर प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या नकली इंजेक्शनच्या, तुलनेत २०.३ मीटरने जास्त भरलं, आणि त्याचं योग्य ते कौतुक झालं. एक्स्ट्रामॅचच्या दुसऱ्या विश्लेषणात व्यायामाने वर्षअखेर मिळालेला फायदा होता २१ मीटर. रुग्ण वेगळे, चाचण्या वेगळ्या, शिवाय सेमाग्लुटाइडच्या चाचणीत लक्षणांचे गुणही चांगले वाढले आणि ती आंधळ्या पद्धतीची होती. व्यायामाची चाचणी तशी करताच येत नाही, कारण आपण व्यायाम करतोय की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही. हे सगळं मान्य. तरीही वीस मीटर इंजेक्शनने मिळाले तर क्रांती आणि पायांनी मिळाले तर ‘मृत्यू कुठे कमी झाले?’, हा दुटप्पीपणा आहे.

व्यायामाबद्दलची ही अढी जुनी आहे. विसाव्या शतकात कितीतरी वर्षं थकलेल्या हृदयाला विश्रांती हाच उपचार मानला जाई. १९७२ पर्यंत कार्डिओमायोपॅथीसाठी दीर्घ शय्याविश्रांतीचे प्रयोग छापून येत होते. त्याच्या सहाच वर्षं आधी, १९६६ मध्ये, डॅलसमध्ये पाच निरोगी विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी २७ टक्क्यांनी खाली आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीन दशकांच्या वयोमानाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी होती. निरोगी तरुणाची ही गत, तर पासष्टीच्या रुग्णाला ‘जपून राहा, जास्त हालचाल नको’ असं सांगण्याची किंमत काय असेल?

भीतीला एकेकाळी थोडा आधारही होता. १९८८ मध्ये हृदयाच्या पुढच्या भिंतीला मोठा झटका आलेल्या १३ रुग्णांच्या अभ्यासात व्यायामानंतर काहींच्या डाव्या जवनिकेचा (शरीराला रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याचा) आकार बिघडल्याचं दिसलं. दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, ब्रिटनमध्ये ११ रुग्णांना आठ आठवडे घरच्या घरी सायकल चालवायला देऊन आणि आठ आठवडे थांबवून तुलना झाली. दम वाढला, लक्षणं कमी झाली. पुढे २००३ मध्ये ९० रुग्णांच्या सहा महिन्यांच्या चाचणीत जवनिकेचं आकारमान वाढण्याऐवजी घटलेलं आढळलं. हृदय ताणाने फुगेल ही शंका तिथे मिटायला हवी होती.

मुळात व्यायामाचा मोठा हिस्सा हृदयावर खर्चच होत नाही. शरीर किती ऑक्सिजन वापरतं हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं, आणि त्या रक्तातून स्नायू किती ऑक्सिजन काढून घेतात. हार्ट फेल्युअरमध्ये दुसरी बाजूही ढासळलेली असते. मांडीच्या स्नायूंतले दमदार तंतू कमी होऊन लवकर थकणारे वाढतात, पेशींत ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया घटतात, केशवाहिन्या विरळ होतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड पुरेसं बनवत नाही. थकलेले स्नायू मेंदूला सतत धोक्याचे संदेश पाठवतात आणि श्वास आणखी फुलतो. व्यायाम यातली बरीच गोष्ट उलटवतो. इजेक्शन फ्रॅक्शन टिकून असलेल्या वयस्कर रुग्णांच्या २०१२ च्या एका अभ्यासात पीक व्हीओटूतल्या वाढीपैकी ८४ टक्के वाटा स्नायूंनी जास्त ऑक्सिजन ओढण्याचा होता. म्हणून तीन महिने इमाने इतबारे व्यायाम केलेल्या रुग्णाचा इको पुन्हा काढायचा आणि ‘पंपिंग तेवढंच आहे’ म्हणून त्याला निराश करून घरी पाठवायचं, हा प्रकार थांबला पाहिजे. इको ज्याचं मोजमाप करतो ते इथे मुख्यतः बदलतच नाही. मोजायचं असेल तर सहा मिनिटांची चाल मोजा, जमलं तर श्वासातल्या वायूंसह ट्रेडमिल चाचणी करा.

संशोधकांची गेल्या वीस वर्षांतली बरीच ऊर्जा मात्र वेगळ्याच कुस्तीत गेली: टप्प्याटप्प्याचा तीव्र व्यायाम चांगला की सलग मध्यम? २००७ मध्ये नॉर्वेतल्या २७ रुग्णांच्या चाचणीत तीव्र व्यायामाने पीक व्हीओटू ४६ टक्के वाढला, मध्यम व्यायामाने १४ टक्के. एवढ्या लहान चाचणीतला एवढा मोठा आकडा बघून सावध व्हायला हवं होतं. झाले ते मोहित. मग स्मार्टेक्स ही बहुकेंद्री चाचणी झाली, २६१ रुग्णांची, २०१७ मध्ये प्रसिद्ध. तीव्र गटाला कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार-चार मिनिटांचे चार टप्पे, मध्ये तीन मिनिटं सावकाश. मध्यम गटाला ६० ते ७० टक्क्यांवर सलग. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. नाड्यांच्या नोंदी उघडल्यावर कारण कळलं: तीव्र गटातले ५१ टक्के रुग्ण नेमलेल्या तीव्रतेच्या खाली राहिले होते, आणि मध्यम गटातले ८० टक्के वर गेले होते. एकाला पळ म्हटलं तो जपून पळाला, दुसऱ्याला सावकाश म्हटलं तो भरभर चालला, आणि दोघे मधेच कुठेतरी भेटले.

या चाचणीतून घ्यायचा धडा तीव्रतेबद्दलचा नाही. देखरेख असलेल्या, यंत्रं लावलेल्या, प्रशिक्षित माणसं हजर असलेल्या केंद्रांतही लिहिलेली मात्रा आणि घेतलेली मात्रा एक नसते. मग चिठ्ठीवर ‘रोज चालत जा’ एवढंच लिहिलेल्या रुग्णाने काय घेतलं, हे कोण सांगणार? इजेक्शन फ्रॅक्शन टिकून असलेल्या १८० रुग्णांवरची ऑप्टिमेक्स-क्लिन चाचणी २०२१ मध्ये आली. तिथेही तीव्र आणि मध्यम यांत निवड करण्याजोगा फरक निघाला नाही, आणि पीक व्हीओटूत आधीच ठरवलेला, दर किलो वजनामागे मिनिटाला २.५ मिलीलीटर वाढीचा टप्पा कुठल्याच गटाने गाठला नाही. ही कुस्ती बरोबरीत सुटली असं जाहीर करून पंचांनी घरी जावं.

मात्रा नीट लिहायची तर कशी, आणि कुठे चुकते, हे एका उदाहरणावर बघू. वय ६६, बीटा ब्लॉकर चालू, बसलेला असताना नाडी ६४, ट्रेडमिलवर थकून थांबला तेव्हा ११४. दोन्हींतला फरक ५०, हा त्याचा हार्ट रेट रिझर्व्ह. त्याचे ६० टक्के ३०, ७० टक्के ३५; त्यात ६४ मिळवले की व्यायामाची पट्टी मिळते, ९४ ते ९९. आता हेच काम २२० वजा वय या घोटून पाठ केलेल्या सूत्राने केलं तर कमाल नाडी १५४ येते आणि तिचे ७० टक्के म्हणजे १०८. हा माणूस १०८ वर चालला तर तो स्वतःच्या रिझर्व्हच्या ८८ टक्क्यांवर असतो. दहा मिनिटांत धाप, दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही, आणि चौथ्या दिवशी व्यायाम बंद. फाइलवर नोंद होते: रुग्ण सहकार्य करत नाही. बीटा ब्लॉकर नाडीची वरची मर्यादाच खाली आणतो, ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेली गोष्ट त्या सूत्रात कुठेच नाही.

पुढे डोस वाढवला, बसती नाडी ५८ आणि कमाल १०४ झाली, तर पट्टी सरकून ८६ ते ९० होते. जुना कागद तसाच ठेवला तर ९४ ते ९९ म्हणजे आता ७८ ते ८९ टक्के. म्हणून चाचणी नेहमीची औषधं घेऊनच करायची, आणि बीटा ब्लॉकरचा डोस बदलला की पट्टी नव्याने काढायची. हे काम पाच मिनिटांचं आहे. ते होत नाही, कारण गोळ्या एक जण बदलतो आणि व्यायाम दुसरा शिकवतो.

एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं) असेल तर नाडी अनियमित, तिच्या भरवशावर राहू नये. तिथे ६ ते २० ची बोर्ग श्रममापनपट्टी, म्हणजे किती श्रम वाटतात ते रुग्णाने स्वतः आकड्यात सांगायची पट्टी, वापरावी आणि ११ ते १४ च्या दरम्यान राहावं. ट्रेडमिल चाचणीची सोय नसेल तिथेही हेच. ढोबळ खूण अशी की चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये. आयसीडी असेल तर यंत्र ज्या गतीला शॉकची तयारी करतं तो आकडा कागदावर हवा आणि नाडी त्याच्या १० ते २० ठोके खाली ठेवावी. हा आकडा फिजिओथेरपिस्टपर्यंत पोहोचलाच नाही, असं फार वेळा होतं. सुरुवातीचा आणि शेवटचा दहा मिनिटांचा हलका भाग कापू नये. रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं चालू असताना एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, दाब पडतो, चक्कर येते. लघवीची गोळी सकाळी घेतली असेल तर पुढचे दोन-तीन तास घराबाहेर चालायला जाणं त्रासाचं, आणि रुग्ण हे संकोचाने सांगत नाही. व्यायाम दुपारनंतर ठेवला की ‘सहकार्य’ अचानक वाढतं.

स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही लागतोच: पायांसाठी एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येईल त्याच्या ४० ते ५० टक्के, हातांसाठी ३० ते ४० टक्के, १० ते १५ वेळा, आणि जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. थांबायचं कधी तेही लिहून द्यावं. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून जास्त वाढलं, पायांवर सूज चढली, रात्री उशा वाढवाव्या लागल्या, ताप आला, छातीत दुखलं किंवा बसल्या जागी दम लागला तर त्या दिवशी व्यायाम नाही, आधी फोन. आजार अस्थिर असताना, लक्षणं देणारा महाधमनीच्या झडपेचा तीव्र अरुंदपणा असताना किंवा आवाक्यात नसलेली हृदयलय असताना व्यायाम सुरूच करायचा नसतो. एवढा सगळा मजकूर एका पानावर बसतो. ते पान डिस्चार्जच्या कागदांत का नसतं?

पान नसतं याचं कारण धोरणात शोधावं लागतं. अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथले नियम लिखित आहेत आणि नोंदीही उपलब्ध आहेत. मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने, २०१४ मध्ये हार्ट फेल्युअरसाठी कार्डिअ‍ॅक रिहॅबचा (हृदयरुग्णांच्या देखरेखीखालच्या व्यायाम-कार्यक्रमाचा) खर्च मान्य केला, पण अटी थेट एचएफ-अ‍ॅक्शनच्या निवडनिकषांवरून उचलल्या: इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के किंवा कमी, लक्षणं दुसऱ्या ते चौथ्या वर्गातली (पहिला वर्ग म्हणजे लक्षणं नाहीत, चौथा म्हणजे बसल्या जागीही दम), आणि गेल्या सहा आठवड्यांत हृदयाच्या मोठ्या कारणासाठी भरती नाही. रुग्णालयातून घरी जाणाऱ्या, पात्र ठरू शकणाऱ्या रुग्णांपैकी रिहॅबकडे पाठवले जाणारे दहांत एकच, हे तिथल्याच मोठ्या नोंदणीतून दिसलं. म्हणजे ज्यांना दार उघडं आहे त्यांनाही कोणी दार दाखवत नाही. ज्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन टिकून आहे, आणि हार्ट फेल्युअरचे जवळजवळ निम्मे रुग्ण तसेच असतात, त्यांना तर दारच नाही. खरं तर व्यायामाने दम वाढतो याचा पुरावा याच गटात चांगला आहे. लठ्ठ वयस्कर १०० रुग्णांच्या २०१६ च्या चाचणीत वीस आठवड्यांच्या व्यायामाने पीक व्हीओटू दर किलो वजनामागे मिनिटाला १.२ मिलीलीटरने वाढला, आहारनियंत्रणाने १.३ ने, आणि दोन्ही मिळून अडीचच्या घरात. औषधांनी या गटात दम वाढवायचे प्रयत्न वर्षानुवर्षं फसत आले होते.

सहा आठवड्यांची अट सगळ्यात घातक. भरती होऊन नुकताच घरी गेलेला म्हातारा रुग्ण हाच सगळ्यात अशक्त, पुन्हा भरती होण्याची भीतीही त्यालाच सगळ्यात जास्त. त्याच्यासाठी रिहॅब-एचएफ ही ३४९ रुग्णांची चाचणी २०२१ मध्ये झाली. सरासरी वय ७२ च्या पुढे, ९७ टक्के जण दुर्बल किंवा दुर्बलतेच्या उंबरठ्यावर. त्यांना थेट ट्रेडमिलवर चढवलं नाही. रुग्णालयात असतानाच सुरुवात झाली: तोल, ताकद, हालचाल आणि दम, या चार गोष्टींवर ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे काम. ज्याला खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येत नाही त्याच्यासाठी खुर्चीतून उठणं हाच व्यायाम. आधी उंच बैठकीवरून, मग उंची कमी करत. पुढे बारा आठवडे, आठवड्याला तीन तासाभराची सत्रं. मोजमापही साधं होतं: पाय जोडून आणि एकापुढे एक ठेवून उभं राहणं, चार मीटर चालणं, खुर्चीतून पाच वेळा उठणं, बारापैकी गुण. तीन महिन्यांनी व्यायामाच्या गटाला ८.३ गुण, दुसऱ्याला ६.९. हा फरक म्हणजे स्वतःच्या पायांवर संडासापर्यंत जाणं आणि कोणाचा तरी हात धरून जाणं, यांतला फरक. सहा महिन्यांतल्या भरती मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारख्या राहिल्या, आणि मृत्यूही व्यायामाच्या गटात २१ व दुसऱ्यात १६, म्हणजे निष्कर्ष काढण्याइतके नाहीत पण डोळ्याआड करण्याइतकेही नाहीत. या रुग्णांसाठी मोठी चाचणी हवी ती इथे. तीव्र की मध्यम या कुस्तीवर गेलेला पैसा इथे लागला असता तर आज उत्तर हातात असतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की इतकी केंद्रं, इतके फिजिओथेरपिस्ट आणायचे कुठून. आक्षेप खरा आहे. केंद्रात येणं हेच अनेकांना अशक्य असतं: अंतर, सोबतीला कोणी नाही, दम. त्याला एक उत्तर ब्रिटनमधल्या रीच-एचएफ चाचणीने २०१९ मध्ये दिलं. २१६ रुग्ण, घरीच करायचा कार्यक्रम, खुर्चीत बसून करायचे किंवा चालण्याचे व्यायाम, हाती पुस्तिका, घरातल्या सांभाळणाऱ्या माणसालाही शिकवणं, आणि बारा आठवडे प्रशिक्षित परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्टचा पाठपुरावा. वर्षअखेर जगण्याच्या प्रतीत ५.७ गुणांची सुधारणा टिकली. दुसरीकडे पोलंडमधल्या ८५० रुग्णांच्या टेलिरिहॅब (दुरून देखरेख ठेवून घरी करून घेतलेल्या व्यायामाच्या) चाचणीत नऊ आठवड्यांच्या कार्यक्रमाने रुग्णालयाबाहेर जिवंत राहिलेले दिवस वाढले नाहीत. घरचा व्यायाम म्हणजे जादू नव्हे, आणि नऊ आठवड्यांनी सोडून दिलेला तर नव्हेच. टिकाऊ ठरण्यासाठी लागतं ते ठरावीक अंतराने कोणीतरी फोन करून विचारणं, वजन आणि नाडीच्या नोंदी बघणं आणि पट्टी बदलून देणं. हे काम हृदयरोगतज्ज्ञाने करायची गरज नाही, पण कोणाच्या तरी कामाच्या यादीत ते नावानिशी असायला हवं आणि त्याचा मोबदला ठरलेला हवा.

पुढच्या चाचण्यांना पैसा देणाऱ्यांनी दोन अटी घालाव्यात. घेतलेली मात्रा, मिनिटं आणि तीव्रता दोन्ही, निकालाच्या पहिल्याच तक्त्यात छापायची, परिशिष्टात नाही. आणि रुग्णांत निम्मे तरी इजेक्शन फ्रॅक्शन टिकून असलेले, वयस्कर आणि दुर्बल असावेत, स्त्रियांसह. एचएफ-अ‍ॅक्शनमध्ये स्त्रिया २८ टक्के होत्या आणि मध्यक वय ५९ होतं. विमा आणि सरकारी योजनांसाठी मागणी त्याहून सोपी: इजेक्शन फ्रॅक्शनची अट काढा, सहा आठवड्यांची अट काढून तिथे ‘रुग्ण स्थिर आहे असं उपचार करणाऱ्याने लिहून दिलं आहे’ एवढीच ठेवा, आणि पैसे सत्रांच्या संख्येवर देण्याऐवजी तीन महिन्यांनी आणि वर्षाने केलेल्या चालण्याच्या व खुर्चीतून उठण्याच्या मोजमापाशी जोडा. तीस मीटरची मोकळी मार्गिका, एक खुर्ची आणि एक घड्याळ, एवढ्यावर ते मोजमाप होतं.